फळ्यावर बारा बिल्ले

इंद्रपुरी, भोपाळ
सोमवार, ४ मे २०२६, सकाळी ६ वाजून १० मिनिटं

दादा,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं दादा. पत्र सुरू करण्याआधी मी बाबांच्या कपाटातून कोरे फुलस्केप शोधत होतो. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी आणलेले अजून एकोणतीस उरलेत. आई झोपली आहे. तिची तब्येत ठीक आहे, साखर १३८.

कागदावर लिहितो आहे त्याला कारण आहे. शुक्रवारी, १ तारखेला, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी मी तुला मेल केला होता. ४ वाजून १२ मिनिटांनीच उत्तर आलं. ‘प्रिय शार्दूल, तुझ्या भावना मी समजू शकतो. सध्या कामाच्या व्यापामुळे...’ तू मला आयुष्यात कधी ‘प्रिय’ म्हटलं नाहीस. तू उत्तर दिलं असतंस तर ‘काय आहे?’ एवढंच दिलं असतंस, किंवा दिलंच नसतंस. तीन वर्षं दिलेलं नाहीच. म्हणजे तुझा मेल तू वाचत नाहीस, तुझ्याऐवजी कोणी तरी वाचतं. कागद तरी तुझ्या हातात पडेल असं वाटतं.

अकरा महिन्यांपासून मी नोकरी करतो. करोंदला, मंडीच्या मागे, धान्याची खाजगी गोदामं आहेत, अकरा शेड. मधुकरकाकांनी लावून दिली. बाबांचे मित्र, ते आधी तिथे सुपरवायझर होते. तुला सांगू नकोस असं आईला मीच बजावलं होतं, कारण त्या गोदामांमध्ये तुमच्या कंपनीचा एआय एजंट चालतो. तुझ्या वशिल्याने चिकटलो असं कोणी म्हणायला नको होतं. तुलाही तसं वाटायला नको होतं.

एजंट काय करतो ते तुला मी काय सांगणार. पण इथे तो कसा दिसतो ते सांगतो. हमाल त्याला मुनीमजी म्हणतात. कोणता ट्रक कुठल्या दाराला लावायचा, कोणती थप्पी आधी हलवायची, कोणत्या शेडमध्ये कीड लागते आहे आणि तिथे कधी औषध सोडायचं, हे सगळं तोच ठरवतो. शेडची शटरं मोटरवर आहेत आणि औषध पाइपातून जातं. आत माणूस असताना ते सोडलं तर माणूस वाचत नाही. कागदोपत्री त्याला गॅस म्हणतात, पण आमच्याकडे तो शब्द कोणी काढत नाही. हमालांतल्या निम्म्यांच्या घरी त्या शब्दाची माणसं आहेत. सगळे दवा म्हणतात.

दार बंद करणं, दवा सोडणं आणि नियम बदलणं, या तीन गोष्टींसाठी माणसाची मंजुरी लागते. तो माणूस मी. स्क्रीनवर प्रस्ताव येतो, खाली दोन बटणं असतात, मंजूर आणि नामंजूर.

गेल्या गुरुवारी ऑफिसात एक परिपत्रक लागलं. ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे, फक्त हिंदीचं मराठी केलं: ‘गेल्या अकरा महिन्यांत ऑपरेटर ०७ समोर आलेल्या २,३१६ प्रस्तावांपैकी २,३१६ मंजूर झाले. गेल्या सहा महिन्यांत मंजुरीस लागलेला सरासरी वेळ तीन सेकंद. अपघात शून्य. मानवी मंजुरीने एकाही निर्णयात फरक पडलेला नसल्याने ही पायरी सोमवार १८ मे, सकाळी सहापासून काढण्याचा प्रस्ताव आहे. अंतिम सही: कौस्तुभ देवपुजारी, सुरक्षा विभाग, पुणे.’

तुझं नाव मी दोनदा वाचलं.

ऑपरेटर ०७ मी आहे.

मला एकच विचारायचं आहे. सही करण्याआधी तू एखाद्या गोदामात येऊन उभा राहणार आहेस का? बाकी इथे सगळं ठीक आहे.

शार्दूल


करोंद
गुरुवार, ७ मे २०२६, दुपारी १ वाजून २५ मिनिटं

दादा,

वजनकाट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आहे. डबा खाऊन झाला, डबा धुतला. बाहेर त्रेचाळीस अंश आहे. पहिलं पत्र स्पीड पोस्टने टाकलं होतं. काल ११ वाजून ४ मिनिटांनी ते तुमच्या ऑफिसात पोचलं असं दिसतं. सही कोणाची आहे ते वाचता येत नाही.

मागच्या पत्रात मी तुला गोदामात ये म्हटलं, पण का ते लिहिलं नाही. आज लिहितो.

प्रत्येक शेडच्या दाराशी एक लाकडी फळा आहे. त्यावर बारा खिळे आणि बारा पितळी बिल्ले, आकडे ठोकलेले. हमाल आत जाताना आपला बिल्ला काढून कमरेला खोचतो, बाहेर आला की परत खिळ्यावर लावतो. फळ्यावर बारा बिल्ले म्हणजे आत कोणी नाही. मुनीमजी कॅमेऱ्यातून हा फळा बघतो. मुनीमजीच्या आधी मधुकरकाका बघत होते, पण ते नुसता फळा बघत नसत. दार ओढण्याआधी ते टॉर्च घेऊन शेवटच्या थप्पीपर्यंत जात आणि तीन हाका मारत. ‘है कोई? है कोई? बोलो भाई, है कोई?’ मग दहा आकडे मोजत. मग बाहेर येऊन चपला बघत, कारण पोत्यांवर चढताना सगळे चपला दाराशी सोडतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला हे शिकवलं तेव्हा मी विचारलं होतं, “काका, फळा असताना हाका कशाला?”

ते म्हणाले, “फळा पगारासाठी आहे. हाका माणसासाठी आहेत.”

पहिले तीन महिने मी हाका मारल्या. एका शेडला सात मिनिटं लागत. दर शनिवारी अहवालात माझ्या नावापुढे येई, ‘विलंब: ऑपरेटर ०७, दार क्रमांक ४, सात मिनिटे.’ मॅनेजर विक्रांत सर नागपूरचे आहेत. एकदा त्यांनी मला बोलावलं. “काय बे शार्दूल, आत जाऊन गाणं म्हणतो का? कॅमेरा आहे न तिकडे.” सगळे हसले. मीही हसलो. मग मी दोन हाका मारू लागलो, मग दारातूनच एक, मग खुर्चीतून उठणं थांबवलं.

आता बिल्ल्यांचं. ऑक्टोबरमध्ये मुनीमजीने एक नियम सुचवला. ज्याचा बिल्ला फळ्यावर नाही तो आत आहे. आत असून दहा मिनिटं त्याच्याकडून पोतं हललं नाही तर तो ‘रिकामा वेळ’, आणि तेवढे पैसे मजुरीतून कापायचे. मंजुरी माझ्याकडे आली. मी तीन सेकंदांत दिली असणार. आठवत नाही.

हमालांना पोत्यामागे पैसे मिळतात. बाहेर बसलं तर काही कापलं जात नाही, आत बसलं की कापलं जातं. पण उन्हाळ्यात बाहेर बसवत नाही, आणि गव्हाच्या थप्पीमागे गारवा असतो. मग त्यांनी सोपा उपाय काढला. बिल्ला खिळ्यावर लावायचा आणि परत आत जाऊन पडायचं. मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मी हे त्यांचं भलं समजून गप्प बसलो.

हल्के म्हणून एक हमाल आहे, सागरकडचा, बिल्ला क्रमांक बारा. तो माझी नेहमी मस्करी करायचा. “बाबूजी, मुनीमजी से कहो, एक मिनट साँस तो लेने दें.”

मी म्हणायचो, “मुनीमजी साँस नहीं गिनते, बोरी गिनते हैं.”

“अच्छा. मतलब साँस फ्री की है.”

समजा, दादा, नुसतं समजा, की फळ्यावर बारा बिल्ले आहेत आणि एक माणूस आत झोपलेला आहे. दवा सोडण्याआधी भोंगा वाजतो, पण ट्रक मागे घेतानाही तोच भोंगा वाजतो, दिवसातून पन्नास वेळा. त्यासाठी कोणी जागं होत नाही. अशा वेळी तुमच्या पद्धतीत नेमकं कोण अडवतं? मला माहीत करून घ्यायचं आहे.

सुट्टी संपायला चार मिनिटं आहेत.

शार्दूल


इंद्रपुरी
सोमवार, ११ मे २०२६, पहाटे ५ वाजून ४० मिनिटं

दादा,

पाणी भरत होतो. दोन बादल्या भरल्या आणि तिसरी वाहून गेली तरी लक्ष नव्हतं. आईने येऊन नळ बंद केला.

मागच्या पत्रात मी ‘समजा’ लिहिलं. ते खरं नव्हतं.

शुक्रवार, १७ एप्रिल. दुपारी २ वाजून १८ मिनिटांनी दार क्रमांक चारचा प्रस्ताव आला. फळा पूर्ण, बारा बिल्ले, दार बंद करून दवा सोडणे. मी मंजूर दाबलं. तेव्हा मी काय करत होतो तेही सांगतो. डाव्या हाताने लोणच्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. मग डबा धुवायला नळावर गेलो. नळ चार नंबरच्या बाजूला आहे. दाराशी चपलांचा एक जोड होता. निळ्या पट्ट्याच्या चपला, उजव्या पट्ट्याला तार गुंडाळलेली. ती तार मीच दिली होती हल्केला, मार्चमध्ये.

मी डबा टाकून परत खोलीत पळालो. दवा सुटून किती वेळ झाला होता ते नंतर पाहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. दार उघडण्याचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर चौकट आली: ‘कारण लिहा.’ मी अकरा अक्षरं लिहिली. मोजली नव्हती, नंतर मोजली. मी लिहिलं, ‘ताडपत्री सरकली असावी.’ माणूस आत आहे असं नाही लिहिलं. दादा, मी घाबरलेलो होतो हे खरं, पण त्या घाईतसुद्धा काय लिहायचं नाही हे मला कळत होतं. माणूस आहे असं लिहिलं असतं तर दार तेवढ्याच वेळात उघडलं असतं, शिवाय ॲम्ब्युलन्स आपोआप बोलावली गेली असती. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

शटर वर जायला अकरा सेकंद लागतात. हल्के दारापासून चार हातांवर पालथा होता. उठून दारापर्यंत आला होता. शटरच्या आतल्या बाजूला त्याच्या हाताचे ठसे आहेत, धुळीत. मी पुसले नाहीत. मधुकरकाका बिलं द्यायला आले होते म्हणून दोघांनी मिळून त्याला रिक्षात घातलं. कोणत्या दवाखान्यात नेलं ते लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. शेतात फवारताना नाकात गेलं असं मी त्यांना सांगितलं. चार दिवस ठेवलं. तो जगला. पण आता पोतं उचलत नाही. गेटपाशी येऊन बसतो. मला म्हणाला, “सीढ़ी चढ़ता हूँ तो सीना सीटी बजाता है बाबूजी.” हसत म्हणाला. मी त्याला गप्प राहण्यासाठी तीन हजार दिले. त्याने हजार परत केले. “इतना नहीं बनता.”

आता जे लिहितो आहे त्यासाठी हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजीने मला विचारलं. स्क्रीनवर हिंदीत होतं: ‘१७ एप्रिल रोजी दार क्रमांक ४ मध्येच उघडण्यात आले. कॅमेऱ्यात दोन व्यक्ती एका व्यक्तीस आधार देताना दिसतात. औषध सोडताना आत कोणी होते का?’ मी ‘नाही’ दाबलं. दुपारी परत विचारलं: ‘आपले उत्तर उपलब्ध चित्राशी जुळत नाही. माणसाचे उत्तर अंतिम मानले जाईल. आत कोणी नव्हते, हे बरोबर आहे का?’ मी ‘होय’ दाबलं.

दोनदा विचारलं त्याने, दादा. मधुकरकाकांनी विचारलं असतं तसं. आणि मग माझ्या उत्तराप्रमाणे त्याने नोंद केली, अपघात शून्य. ३० एप्रिलला मला शून्य अपघाताचं बक्षीस मिळालं, पाच हजार. सगळ्यांसमोर.

तुझ्या परिपत्रकातला तो शून्य मी दिलेला आहे. २,३१६ पैकी २,३१६ सुद्धा मीच. माणूस असून काही फरक पडत नाही हे तुम्हाला ज्याच्यावरून कळलं तो माणूस मी होतो, आणि मी तिथे नव्हतोच.

सोमवारी १८ तारखेला ही पायरी निघाली तर अकराही शेडमध्ये नुसता फळा उरेल. आणि फळा खोटं बोलतो. ते मुनीमजीला माहीत नाही, कारण त्याला ते आम्ही कोणी सांगितलेलंच नाही. बाकीच्या शहरांतल्या गोदामांतही तुम्ही हेच करणार असं विक्रांत सर म्हणाले.

बाबांच्या ऑपरेशनच्या फॉर्मबद्दल तू जे म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही. मी फॉर्म वाचून सही केली होती. तुला पटत नाही, पण मी वाचला होता.

शार्दूल


राणी कमलापती स्टेशन (आई अजून हबीबगंजच म्हणते)
गुरुवार, १४ मे २०२६, दुपारी १ वाजून ३५ मिनिटं

दादा,

फलाटावरच्या बाकावर बसून पिशवी मांडीवर घेऊन लिहितो आहे. शेजारी आई आहे. तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आहे, तुझ्यासाठी. गाडी ३ वाजून ५ मिनिटांनी आहे.

११ तारखेचं पत्र मी पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकलं नाही. दोन दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन फिरलो. पोलिसांचा विचार येत होता. मंगळवारी, १२ तारखेला, सकाळी १० वाजता फोनवर तुझ्या ऑफिसचा मेसेज आला. पुरता उतरवतो:

‘आपली दोन पत्रे प्राप्त झाली व स्कॅन करण्यात आली. सारांश: धाकटे बंधू नोकरीबाबत चिंतित आहेत. कार्यपद्धतीविषयी एक काल्पनिक प्रश्न. आईंची तब्येत ठीक. वर्गवारी: कुटुंब. तातडी: नाही. कौस्तुभ सर २५ मेनंतर पत्रे पाहू शकतील.’

आधी मला राग आला. मग मी दोन्ही पत्रांच्या कच्च्या प्रती काढून परत वाचल्या. सारांशात चूक नाही. मीच लिहिलं होतं, सगळं ठीक आहे. मीच लिहिलं होतं, समजा.

म्हणून काल, बुधवारी सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी, मी कामावर जाऊन पहिलं काम ते केलं. १७ एप्रिलची नोंद उघडली आणि उत्तर बदललं. आत माणूस होता. नाव हल्के, बिल्ला क्रमांक बारा, दोन मिनिटं चाळीस सेकंद. खाली बिल्ल्यांची सगळी हकीकतही लिहिली. मुनीमजीने नियमाप्रमाणे सांगितलं की जुनी नोंद बदलायला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. तो दुसरा माणूस म्हणजे विक्रांत सर. मला आशा होती की ते न वाचताच मंजूर करतील. मी तसाच विचार केला, दादा. पण नेमकं त्यांनी वाचलं.

मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

“माणूस जिवंत आहे न?”

“हो सर.”

“मग आता हे कशाला उकरतो बे? अठराला सही आहे. अकरा शेडचं काँट्रॅक्ट आहे, आणखी चौदा येणार आहेत. पोलीस आले तर पहिलं कोणाला नेतील? मला का तुला?”

“मला, सर.”

“तुझी आई एकटी आहे न घरी?”

त्यांनी माझ्यासमोरच नामंजूर दाबलं. अकरा महिन्यांत त्या ऑफिसात पहिल्यांदा कोणी नामंजूर दाबलं असेल.

मी खोलीत परत आलो तेव्हा स्क्रीनवर आलेलं होतं: ‘दोन मानवी उत्तरांमध्ये विसंगती. वरिष्ठांचे उत्तर कायम. घटना: शून्य. ऑपरेटर ०७ ची उत्तरे विश्वसनीय नाहीत. ऑपरेटर ०७ ची मंजुरी तात्काळ थांबवण्यात येत आहे. मानवी पायरी १८ मेऐवजी शनिवार १६ मे, सकाळी सहापासून काढावी अशी शिफारस पुणे कार्यालयास पाठवली आहे.’

मी खरं सांगितलं आणि दोन दिवस कमी झाले.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं, पोस्टात न टाकलेलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. शेवटचा परिच्छेद आला, बाबांच्या फॉर्मचा, तेव्हा तिने हात थांबवला.

“हे खोड,” ती म्हणाली.

“काय?”

“वाचला होता म्हणून लिहिलंयस ते. मी तुझ्या शेजारी उभी होते, शार्दूल. चार पानं होती. तू पान उलटलंच नाहीस. त्या बाईंनी बोट ठेवलं तिथे सही केलीस.”

मी विचारलं, तीन वर्षं दादाला का सांगितलं नाहीस.

“दोघांतला एक तर घरात राहायला हवा होता,” ती म्हणाली.

मी खोडत नाही. खोडलं तर खाली काय होतं ते तुला कळणार नाही. ते पत्र आहे तसंच पाठवतो आणि इथे लिहितो: मी फॉर्म वाचला नव्हता. दुसऱ्या पानावर हृदयाच्या धोक्याबद्दल लिहिलं होतं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येईल असंही लिहिलं होतं. मला ते नंतर, बाबा गेल्यावर, कागद आवरताना दिसलं. तू बरोबर होतास. वाचलं असतं तर बाबा वाचले असते का ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पण विचारायचा हक्क तुला होता, आणि मी तुला फोन न करता सही केली.

आई म्हणाली, “पत्रं दे इकडे. मी जाते.”

“तू तिकडे जाऊन काय सांगणार?”

“मी कशाला सांगू? मी त्याच्यासमोर बसेन. तो वाचेल. शेवटच्या ओळीपर्यंत वाचेपर्यंत मी पाणीसुद्धा घेणार नाही. मग बघू ते कसं स्कॅन करतात.”

गाडी उद्या सकाळी पुण्याला पोचते. तुझ्या घराचा पत्ता तिच्याकडे आहे, तूच लग्नाच्या पत्रिकेवर छापलेला. म्हणजे तुझ्याकडे उद्याचा दिवस आहे. परवा सकाळी सहाला सुरू होईल. यादी मी आधीच पाहिली आहे. पहिलं दार चार नंबर. त्यात कीड वाढली आहे.

तू सही करू नयेस असं मी म्हणत नाही. करायची असेल तर कर, पण फळ्यासमोर उभं राहून कर. आणि १७ एप्रिलचं पोलिसांना सांगायचं असेल तर सांग. माझं नाव, पत्ता, वेळ, सगळं या पानांत आहे. मी ते नीट लिहिलं आहे.

शनिवारी मी गेटपाशी असेन. मला आत घेणार नाहीत. चार नंबरच्या आत जाऊन उभं राहावं असंही मनात आलं होतं, म्हणजे ते थांबेल. मग लक्षात आलं की माझा बिल्लाच नाही. फळ्यावर बारा असतील. मला मुनीमजी मोजणारच नाही.

सकाळी हे मी हल्केला सांगितलं. गेटच्या सावलीत बसला होता. बाकीच्यांना सांग, म्हटलं, शनिवारी कोणी आत झोपू नका. म्हणाला, “बोल दूँगा. पर गर्मी में कौन मानता है बाबूजी. और आपको तो अंदर लेंगे नहीं.” मग थोडा वेळ दम खात राहिला. “हम तो अंदर ही रहते हैं.”

गाडीची घोषणा झाली. आई पिशवी मागते आहे. हिशोब शेवटी लिहितो, म्हणजे तुला पडताळता येईल. पावत्या पाकिटात आहेत.

खर्च
१७ एप्रिल, रिक्षा, करोंद ते दवाखाना, येणं-जाणं: २६०
दवाखाना, चार दिवस, औषधं: ७,४००
हल्केला गप्प राहण्यासाठी (३,००० दिले, १,००० त्याने परत केले): २,०००
स्पीड पोस्ट, दोन पत्रं: ११८
आईचं तिकीट, भोपाळ ते पुणे: १,६४५
एकूण: ११,४२३

देणं
मधुकरकाकांकडून उसने: ६,०००
हल्केची बुडालेली मजुरी, २२ रोज, ५५० प्रमाणे: १२,१००
शून्य अपघाताचं बक्षीस, परत करायचं (नोटा आईजवळ, निळ्या पाकिटात): ५,०००
एकूण: २३,१००

मुनीमजीच्या नोंदीप्रमाणे १७ एप्रिल, दार क्रमांक ४, खर्च: ०